प्रकाशाला मागे टाकलं तर घड्याळाचं काय होतं?

विज्ञानकथा आवडीने वाचणाऱ्या माणसांशी गप्पा मारताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "आज जमत नाही हो, पण एकेकाळी ध्वनीपेक्षा जोरात जाणंही अशक्यच वाटायचं ना? उद्या इंजिन तेवढं ताकदवान झालं की प्रकाशालाही मागे टाकू." ही उमेद मला मनापासून आवडते. पण ही तुलना चुकते, आणि ती नेमकी कुठे चुकते हे कळलं की विज्ञानकथांमधल्या सगळ्या वेगवान यानांकडे आपण वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

ध्वनीचा अडथळा विमानांपुढे होता, निसर्गात नव्हता. १९४७ साली चक येगरने ध्वनीपेक्षा वेगाने विमान उडवलं, पण बंदुकीच्या गोळ्या त्याच्या कितीतरी आधीपासून ध्वनीला मागे टाकत होत्या. चाबूक फटकारल्यावर जो कडकडीत आवाज येतो, तोसुद्धा चाबकाचं टोक ध्वनीच्या पुढे गेल्यामुळेच येतो. उदाहरणं डोळ्यांसमोर होती, विमान तेवढं नीट घडवायचं होतं. प्रकाशाच्या बाबतीत असं एकही उदाहरण हाती नाही. निर्वात पोकळीत प्रकाशाला मागे टाकणारा दगड, कण, तरंग किंवा निरोप आजवर कुणालाही सापडलेला नाही.

आधी हे बघू, की लेखकांना एवढा वेग लागतो कशाला. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. चंद्रावरून निघालेला प्रकाश सव्वा सेकंदात आपल्याकडे पोचतो, सूर्यावरून निघालेला सुमारे आठ मिनिटं वीस सेकंदांत. इथवर ठीक आहे. पण सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे. त्याच वेगाने कुणी प्रॉक्सिमाकडे निघालं, तर पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. आपली आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाखभर प्रकाशवर्षं पसरलेली आहे. ज्या लेखकाला दहा ग्रहांवरचं राजकारण, व्यापार आणि लढाया एका आयुष्यात बसवायच्या आहेत, त्याला कुठली तरी पळवाट काढावीच लागते.

आता अडचणीकडे येऊ. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं एक वर्तुळाकार यंत्र आहे, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. त्यात प्रोटॉन सोडतात तेव्हाच ते प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त साडेसहाशे मीटर कमी वेगाने धावत असतात. मग त्यांना आणखी ऊर्जा देत जातात, थोडीथोडकी नाही, सुरुवातीच्या पंधरापट. एवढं करून वेग किती वाढतो? प्रोटॉन आता प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे तीन मीटर मागे असतात. उरलेले हे तीन मीटर कधीच भरून निघत नाहीत. ऊर्जा शंभरपट करा, हजारपट करा, अंतर घटत जाईल, पण शून्य होणार नाही. यंत्र कमी पडतं असं इथे म्हणता येत नाही, कारण दिलेली ऊर्जा प्रोटॉनमध्ये पुरेपूर उतरलेली असते. टक्कर होते तेव्हा ती सगळी बाहेर येते. फक्त ती वेगाच्या रूपात दिसत नाही.

आइन्स्टाइनने १९०५ साली सापेक्षतेच्या सिद्धांतात जे मांडलं त्याचा हा रोजचा पुरावा. वस्तू प्रकाशवेगाच्या जवळ जाते तसतसा आणखी थोडा वेग वाढवायला लागणारा खर्च बेसुमार चढत जातो, आणि नेमका प्रकाशवेग गाठायचा तर अनंत ऊर्जा लागते. हजार टनांचं यान प्रकाशवेगाच्या ९९ टक्क्यांपर्यंत न्यायचं म्हटलं, तरी लागणारी ऊर्जा आजचं अख्खं जग शेकडो वर्षांत वापरेल एवढी भरते. आणि एवढं करूनही आपण मर्यादेच्या अलीकडेच असतो.

पण याच सिद्धांतात एक सवलतही दडलेली आहे, आणि माझ्या मते विज्ञानकथांनी तिचा हवा तेवढा उपयोग करून घेतलेला नाही. वेगात जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं. ही कविकल्पना नाही. वातावरणात सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोनपट. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहा-सातशे मीटरच जाईल. तरीही हे म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात, हा लेख वाचत असताना तुमच्या तळहातातूनही आरपार जात असतात. आपल्या घड्याळाने त्यांचं आयुष्य लांबलेलं असतं.

हाच हिशेब यानाला लावा. पृथ्वीवर आपल्याला आपलं वजन जेवढं जाणवतं तेवढ्याच जोराने सतत वेग वाढवत निम्मं अंतर जायचं, आणि उरलेलं निम्मं तेवढ्याच जोराने वेग कमी करत. अशा यानाला प्रॉक्सिमापर्यंत पृथ्वीच्या घड्याळाने सुमारे सहा वर्षं लागतील, पण प्रवाशांच्या घड्याळाने साडेतीन. आकाशगंगेचं केंद्र आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे पोचायला प्रवाशांना जेमतेम वीस वर्षं लागतील! प्रकाशाला मागे न टाकता, एकही नियम न मोडता. असं यान चालवेल एवढं इंधन आज कुणाकडे नाही, हे खरं. पण तो प्रश्न निव्वळ साधनांचा आहे. खरी किंमत वेगळी आहे. प्रवासी परत येईल तेव्हा इथे ५२ हजार वर्षं उलटलेली असतील. त्याला निरोप द्यायला आलेल्यांपैकी कुणीच नसेल, कदाचित त्याची भाषाही नसेल. ज्या कथाकारांनी ही ताटातूट जशीच्या तशी स्वीकारली, त्यांच्या कथा मला इतरांपेक्षा जास्त काळ आठवत राहिल्या.

बहुतेक लेखकांना मात्र नायक रात्रीच्या जेवणाला घरी परतायला हवा असतो. म्हणून पळवाटा.

त्याआधी तीन गैरसमज झटपट बाजूला करू. चंद्रावर शक्तिशाली लेझरचा ठिपका पाडला आणि मनगट चटकन फिरवलं, तर तो ठिपका चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात जाऊ शकतो. म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने. पण तिथे वस्तू म्हणून काहीच सरकत नाही. वेगवेगळे प्रकाशकण वेगवेगळ्या ठिकाणी येऊन पडतात, आणि चंद्राच्या या कडेवरचा माणूस त्या ठिपक्यासोबत पलीकडे चिठ्ठी पाठवू शकत नाही. दुसरं, अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारा निळा उजेड. तिथे इलेक्ट्रॉन खरोखर प्रकाशाला मागे टाकतात, पण पाण्यातल्या प्रकाशाला, आणि पाण्यात तो सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर आलेला असतो. तिसरं, एकमेकांत गुंतलेल्या कणांची जोडी. त्यांच्या मोजमापांतला मेळ अंतराची पर्वा करत नाही, आणि त्यावरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेलही मिळालं. पण प्रत्येक टोकाला मिळणारं उत्तर यादृच्छिक असतं, ते आपल्याला हवं तसं ठरवता येत नाही. त्यामुळे त्यातून निरोप जात नाही. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच मेळ दिसतो, आणि नोंदी आणायच्या तर साध्या वेगाने.

पहिली खरी पळवाट काढली ती भौतिकशास्त्रज्ञांनीच. १९६२ साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी एक साधा प्रश्न विचारला. प्रकाशवेग ओलांडायला अनंत ऊर्जा लागते, कबूल. पण एखादा कण जन्मापासूनच त्या पलीकडे असेल तर? त्याला ओलांडायचं काहीच नाही. १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणाला टॅकिऑन हे नाव दिलं. टॅकिऑनचं वागणं आपल्या अनुभवाच्या नेमकं उलटं असतं. त्याची ऊर्जा कमी होते तसा तो आणखी वेगाने पळतो, आणि त्याला हळू करत प्रकाशवेगापर्यंत आणायचं तर अनंत ऊर्जा लागते. भिंत तीच, फक्त तो पलीकडच्या अंगणात. गणित बिनचूक आहे, कण मात्र कुठल्याही प्रयोगात दिसलेला नाही.

एकदा तो दिसल्यासारखं झालं होतं. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जिनिव्हाजवळून निघून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत, सुमारे ७३० किलोमीटर दूर, पोचणारे न्यूट्रिनो, म्हणजे जमिनीतूनही सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी येताहेत. सहा महिने तपासून, चूक सापडली नाही म्हणून, त्यांनी जगाला सांगितलं: आमचं कुठे चुकतंय ते तुम्ही शोधा. अनेकांना लगेच १९८७ सालचा एक तारा आठवला. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर स्फोट होऊन मेलेला. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या तीनेक तास आधी पोचले होते, आणि तेही स्फोटाचा प्रकाश ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला वेळ लागला म्हणून. ऑपेराचा आकडा खरा असता तर ते न्यूट्रिनो चार वर्षं आधी यायला हवे होते. पुढे २०१२ मध्ये कारण सापडलं. घड्याळाची वेळ वाहून आणणाऱ्या फायबर ऑप्टिक केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. ती घट्ट केली आणि न्यूट्रिनो पुन्हा वेळेवर यायला लागले. या प्रसंगाकडे फजिती म्हणून बघणारे आहेत. मला त्या माणसांविषयी आदर वाटतो. हवंहवंसं वाटणारं उत्तर हातात असताना त्यांनी ते उघड्यावर ठेवलं.

टॅकिऑन असला तरी आपण टॅकिऑनचे बनलेले नाही. माणूस न्यायचा तर दुसरा रस्ता हवा, आणि तो एका वाक्यात सांगता येतो: अवकाशातून धावू नका, अवकाशालाच कामाला लावा. विज्ञानकथेतली जवळजवळ सगळी लोकप्रिय साधनं या एका वाक्यातून निघाली आहेत.

हायपरस्पेस त्यातलं सर्वांत जुनं, १९३० च्या दशकापासून चालत आलेलं. कल्पना अशी, की आपल्या तीन मितींच्या जगाबाहेर आणखी एक मिती आहे. तिच्यात शिरायचं, थोडं अंतर कापायचं, आणि बाहेर पडायचं ते पार दुसऱ्या ताऱ्याजवळ. डोंगराला वळसा घालण्याऐवजी बोगद्यातून जावं तसं. लेखकाच्या दृष्टीने हे साधन उत्तम, कारण त्याचे नियम त्याला हवे तसे ठरवता येतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत कच्चं. माणूस शिरू शकेल एवढी मोठी चौथी मिती उघडी असती, तर गुरुत्वाकर्षण तिच्यातही पसरलं असतं आणि अंतराच्या वर्गाऐवजी घनाच्या प्रमाणात घटलं असतं. तसं झालं तर ग्रहांच्या कक्षा टिकतच नाहीत. प्रयोगशाळेत गुरुत्वाकर्षण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी अंतरापर्यंत तपासलेलं आहे, आणि तिथेही वर्गाचा नियम ठाम उभा आहे.

कृमिविवर, म्हणजे वर्महोल, याच्या मागे खरं गणित आहे. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांतून अवकाशाच्या दोन भागांना जोडणारा पूल काढून दाखवला. वर्महोल हे नाव १९५७ मधलं, जॉन व्हीलर यांच्या वापरातून रुळलेलं. सफरचंदाच्या सालीवरून पलीकडे जाण्याऐवजी आतून पोखरत गेलेली अळी, हे चित्र त्यामागे आहे. पण १९६२ मध्ये व्हीलर आणि रॉबर्ट फुलर यांनीच दाखवून दिलं, की असा पूल जन्मतो आणि इतक्या झटकन आवळून तुटतो, की प्रकाशाचा किरणही पार होऊ शकत नाही.

मग १९८५ च्या सुमाराला एक सुंदर गोष्ट घडली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन कादंबरी लिहीत होते. नायिकेला कृष्णविवरातून दूर पाठवायचं त्यांच्या मनात होतं. हे शास्त्राला धरून आहे का, असं त्यांनी मित्राला, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं. थॉर्न म्हणाले, कृष्णविवर नको, त्यात ती जगणार नाही, कृमिविवर वापर. पण मग ते उघडं कसं ठेवायचं, हा प्रश्न थॉर्न यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी गणित उलटं केलं. आधी ठरवलं, की माणूस सुखरूप जाईल असं विवर हवं, आणि मग विचारलं, यासाठी काय लागेल? मायकेल मॉरिस या विद्यार्थ्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध १९८८ मध्ये आला. कादंबरीसाठी विचारलेल्या शंकेतून भौतिकशास्त्राची एक शाखा उभी राहिली, हे मला आजही थरारक वाटतं.

उत्तर मात्र जड आहे. विवराचा घसा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते, म्हणजे रिकाम्या पोकळीपेक्षाही कमी ऊर्जा. साधं द्रव्य गुरुत्वाने सगळं आत ओढतं, ही ऊर्जा बाहेर ढकलेल. ऋण ऊर्जा अगदीच कपोलकल्पित नाही. दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींच्या अत्यंत जवळ ठेवल्या तर त्यांच्या मधल्या जागेत तिचा किंचित अंश तयार होतो आणि पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये हे भाकीत केलं आणि पुढे ते मोजलंही गेलं. पण मीटरभर रुंदीच्या विवराला लागणारा साठा गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या तोडीचा आहे. कुठे पट्ट्यांमधली फट, कुठे गुरू.

चित्रांमध्ये कृमिविवराचं तोंड जमिनीतल्या खड्ड्यासारखं काढतात, त्याबद्दलही सांगायला हवं. कागदावरचं भोक वर्तुळ असतं, कारण कागद दोन मितींचा. तीन मितींतलं भोक गोल असणार, चेंडूसारखं. कुठल्याही बाजूने त्यात शिरता येईल, आणि बाहेरून बघताना त्या काचेच्या गोळ्यासारख्या आकारात पलीकडचं आकाश वाकलेलं दिसेल, अनोळखी ताऱ्यांनी भरलेलं. शिवाय दुसरं तोंड आधी कुणीतरी तिथे नेऊन ठेवायला हवं, आणि तो पहिला प्रवास साध्या, संथ वेगानेच. दरवाजा लागला की पुढच्यांची सोय, पण सुतार आधी पायी गेलेला असतो.

वार्प ड्राइव्हची कहाणी याच्या जवळची. हा शब्द दूरचित्रवाणीवरच्या 'स्टार ट्रेक' मालिकेने घरोघरी नेला. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएर हे मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ वेल्समध्ये काम करत होते, तेव्हा त्यांनी त्या कल्पनेला समीकरणांत बसवलं. यानाभोवती एक बुडबुडा. त्याच्या पुढचं अवकाश आकसतं, मागचं पसरतं, आणि मधला तुकडा यानासकट पुढे सरकतो. यान आपल्या तुकड्यात स्वस्थ असतं, आतल्या माणसाला धक्काही जाणवत नाही, त्याचं घड्याळ घरच्या घड्याळाबरोबर चालतं. हे नियमात बसतं का? बसतं, कारण प्रकाशवेगाची मर्यादा अवकाशातून जाणाऱ्या वस्तूंना आहे, अवकाशाच्या स्वतःच्या पसरण्याला नाही. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं असूनही दृश्य विश्वाची कड आज आपल्यापासून ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे, ती मधलं अवकाश ताणलं गेल्यामुळेच. अतिदूरच्या दीर्घिका या हिशेबाने प्रकाशापेक्षा वेगाने आपल्यापासून दूर जात आहेत, आणि त्यात कुठलाही नियम मोडत नाही.

वार्पमध्येही बिल ऋण ऊर्जेचंच येतं. १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी हिशेब केला तेव्हा मध्यम आकाराच्या बुडबुड्याला दृश्य विश्वातल्या सगळ्या द्रव्याहूनही कितीतरी जास्त ऊर्जा लागेल असं निघालं. १९९९ मध्ये व्हॅन डेन ब्रूक यांनी बुडबुड्याचा आकार बदलून तो आकडा काही सूर्यांपर्यंत खाली आणला. २०२१ पासून ऋण ऊर्जा न वापरता बुडबुडा करता येईल का यावर निबंध येत आहेत, पण त्यांतला भक्कम भाग प्रकाशापेक्षा कमी वेगाचा आहे.

ऊर्जेपेक्षाही मला यातली सुकाणूची अडचण जास्त बोलकी वाटते. बुडबुडा प्रकाशापेक्षा वेगाने जात असेल, तर यानातून निघालेला कुठलाही संदेश बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. भिंत सतत त्याच्या पुढे असते. म्हणजे कॅप्टन आतून बुडबुडा वळवू शकत नाही, थांबवूही शकत नाही. ती सोय वाटेवर आधीच कुणीतरी करून ठेवलेली असावी लागते, रुळांसारखी. पुन्हा तोच आधी पायी गेलेला सुतार!

आता घड्याळाकडे. वरच्या सगळ्या अडचणी सुटल्या असं समजा. इंधन आहे, ऋण ऊर्जा आहे, सुकाणूही आहे. तरी एक गोष्ट उरते, आणि तिच्यासाठी यानही लागत नाही, प्रकाशापेक्षा वेगवान निरोप पुरतो. ही गोष्ट मी वाचून मान डोलावली होती, पण पेन घेऊन आकडे मांडले तेव्हाच पटली. म्हणून इथे आकड्यांनीच सांगतो.

बहीण पृथ्वीवर, धाकटा भाऊ यानात. यान प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने पृथ्वीजवळून जातं, त्या क्षणी दोघं आपापली घड्याळं शून्यावर लावतात. या वेगाला बहिणीच्या हिशेबाने भावाचं घड्याळ संथ चालतं: तिची दहा मिनिटं होतात तेव्हा त्याची सहा. पण भावाच्या दृष्टीने तो स्वतः स्थिर आहे आणि पृथ्वीच त्याच वेगाने दूर चालली आहे. म्हणून त्याच्या हिशेबाने बहिणीचं घड्याळ संथ. दोघांचंही बरोबर, कारण 'याच क्षणी तिकडे किती वाजले' या प्रश्नाची दोघांची उत्तरंच वेगळी आहेत.

निरोप प्रकाशाच्या वेगाने जात असेल तर काही बिघडत नाही. बहिणीने दहाव्या मिनिटाला पाठवलेला निरोप भावाला त्याच्या घड्याळाने तिसाव्या मिनिटाला मिळतो, आणि त्याचं उत्तर बहिणीला नव्वदाव्या मिनिटाला. दोघांनाही मान्य.

आता त्यांच्याकडे तत्काळ निरोप पोचवणारं यंत्र आहे असं धरा. दहाव्या मिनिटाला बहिणीच्या हातून कप निसटतो, फुटतो. ती कळवते, "अरे, आजीचा कप फुटला माझ्या हातून." तिच्या हिशेबाने या क्षणी भावाच्या घड्याळात सहा मिनिटं झाली आहेत, म्हणून निरोप त्याला सहाव्या मिनिटाला मिळतो. तो लगेच उत्तर देतो, "ताई, कप जपून धर!" पण त्याच्या हिशेबाने या क्षणी बहिणीचं घड्याळ सहाच्या ०.६ पट, म्हणजे तीन मिनिटं छत्तीस सेकंद दाखवतंय. उत्तर तिला तेव्हा मिळतं. कप फुटण्याच्या सहा मिनिटं चोवीस सेकंद आधी. कप अजून तिच्या हातात शाबूत आहे. ती तो टेबलावर ठेवून देते, कप फुटत नाही. मग तिने निरोप पाठवला कशाबद्दल?

या गणितात इंजिन कुठेच नाही. दोन घड्याळं आणि एक तत्काळ निरोप, एवढ्यावर परिणाम कारणाच्या आधी येऊन उभा राहतो. निरोप अगदी तत्काळ असायचीही गरज नाही. तो प्रकाशापेक्षा थोडा जरी वेगवान असला, तरी दोघांचा परस्परवेग पुरेसा घेतला की हेच घडवता येतं. म्हणून प्रकाशवेगाला मी प्रकाशाचा वेग कमी आणि कारणाचा वेग जास्त समजतो. जगात एका जागेची गोष्ट दुसऱ्या जागेला कळण्याचा तो सर्वांत मोठा वेग आहे. प्रकाश त्या वेगाने जातो एवढंच. अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ मध्ये अ‍ॅन्सिबल हा शब्द घडवला, प्रकाशाची वाट न बघता निरोप पोचवणाऱ्या यंत्रासाठी. पुढे इतर लेखकांनीही तो उचलला. ले ग्विन यांच्या विश्वात माणसं नेणारी यानं सहसा प्रकाशवेगाच्या आतच राहतात, फक्त बोलणं क्षणात पोचतं. कथा म्हणून मला ही तडजोड फार आवडते, पण फुटलेल्या कपाचा प्रश्न तिथेही तसाच शिल्लक राहतो.

कृमिविवरातही तो येतो. मॉरिस आणि थॉर्न यांनी उल्वी युर्टसेव्हर यांच्यासह १९८८ मध्येच दाखवलं, की विवराचं एक तोंड वेगाने फिरवून परत आणलं तर दोन तोंडांची घड्याळं वेगळी होतात आणि विवर भूतकाळात उघडणारं दार बनतं. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये अंदाज मांडला, की निसर्ग असं दार तयार होऊ देत नसावा. ते उघडण्याच्या बेतात येताच पोकळीतली ऊर्जा साठत जाऊन विवर मोडून पडत असावं. पटण्यासारखा अंदाज आहे, पण सिद्ध झालेला नाही. त्यासाठी गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या जगाचे नियम, यांना जोडणारा सिद्धांत लागतो, आणि तो अजून पूर्ण झालेला नाही.

कथाकाराला आणखी एक वाट मोकळी आहे, तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं आहे. कप वाचवणारा घोळ झाला, कारण बहिणीचं 'आत्ता' आणि भावाचं 'आत्ता' दोन्ही समान हक्काचे होते. समजा, तत्काळ निरोप फक्त एकाच 'आत्ता'ला मानतो, कुणीही पाठवला तरी. तर निरोप कधीच मागे जाणार नाही. आणि असं 'आत्ता' निवडायला आकाशात एक खूणही आहे. महास्फोटानंतर उरलेलं मंद प्रारण (रेडिएशन) सगळ्या दिशांनी येतं, आणि त्याच्या तुलनेत आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे हे मोजलेलं आहे. ज्याला हे प्रारण सगळीकडून सारखं दिसतं त्याचं घड्याळ साऱ्या विश्वाचं मानायचं. मग यानं हवी तेवढी धावोत, फुटलेला कप फुटलेलाच राहतो. बदल्यात आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ज्यावर सगळं उभं केलं ते तत्त्व सोडावं लागतं, की एकसारख्या वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला निसर्गाचे नियम सारखेच दिसतात. त्या विश्वात यानाच्या खिडक्या बंद करूनही आतल्या माणसाला कळेल, की आपण खरोखर थांबलो आहोत की चाललो आहोत.